बिअर कशी चाखावी आणि अभिप्राय कसा लिहावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चाखणीसाठी येणाऱ्या प्रत्येक ग्राहकापुढे आम्ही पाच लहान ग्लास ठेवतो आणि सोबत अभिप्रायाचा एक कागद देतो. त्या कागदावर केवळ "छान" किंवा "फार कडू" असे लिहिलेले असेल, तर बिअरच्या पुढच्या खेपेत नेमके काय बदलावे हे आम्हांला त्यातून कळत नाही. आपल्याला बिअर आवडली की नाही, हे आम्हांला अवश्य कळवावे. परंतु ती ज्या प्रकारची म्हणून तयार केली आहे त्या प्रकाराला ती कितपत न्याय देते, हे पाहिले तरच अभिप्राय उपयोगी ठरतो. आयपीए (इंडिया पेल एल) कडू लागली म्हणून तिचे गुण कापणे योग्य नाही, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडवटपणा हाच त्या प्रकाराचा प्राण आहे. उलट गव्हाची बिअर तितकीच कडू लागली, तर आमचे काहीतरी निश्चित चुकले आहे.

म्हणून चाखण्यापूर्वी पाचही प्रकारांची ओळख असावी. पहिली बेल्जियन पद्धतीची विट, जिच्यात माल्ट न केलेला (म्हणजे मोड आणून न वाळवलेला) गहू, धणे आणि संत्र्याची साल घातलेली असते. बंद पडलेला हा प्रकार होगार्डन गावात पिअर सेलिस यांनी 1960 च्या दशकात पुन्हा सुरू केला. दुसरी जर्मन हेफेवायझन. तिच्यात पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि आम्ही त्यात केळी किंवा लवंग घालतो काय, असे आम्हांला वारंवार विचारले जाते. आम्ही दोन्हींपैकी काहीही घालत नाही. निम्म्याहून अधिक गव्हाचे माल्ट असलेल्या या बिअरमध्ये विशिष्ट जातीचे यीस्ट आंबवण्याचे काम करते आणि ते करताना केळ्याच्या वासाचे आयसोअमाइल ॲसिटेट व लवंगेच्या वासाचे 4-व्हिनाइल ग्वायाकोल ही दोन संयुगे निर्माण करते. तिचा गढूळपणाही यीस्ट व गव्हातील प्रथिनांमुळे असतो. तो दोष समजू नये. तिसरी गोझ, म्हणजे मीठ व धणे घातलेली आंबट जर्मन बिअर, जिच्यात आम्ही कोकम घालतो. चौथी वर सांगितलेली कडू आयपीए आणि पाचवी स्टाउट, म्हणजे कडक भाजलेल्या धान्याची काळी बिअर.

क्रम ठरवताना अनेकजण रंगाकडे पाहतात, आणि गडद बिअर जड व अधिक मद्यार्काची असणार असे गृहीत धरतात. रंग मुख्यतः माल्ट किंवा जव किती भाजले यावर अवलंबून असतो, मद्यार्काच्या प्रमाणावर नाही. डब्लिनची प्रसिद्ध काळीभोर गिनेस ड्राफ्ट केवळ सुमारे 4.2 टक्क्यांची आहे, तर सोनेरी दिसणारी बेल्जियन ट्रिपल 8 ते 9 टक्क्यांपर्यंत सहज जाते. क्रम कमी कडू बिअरपासून अधिक कडू बिअरकडे आणि सौम्य चवीपासून ठसठशीत चवीकडे असावा, कारण कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि त्यानंतर घेतलेली विट पाण्यासारखी लागते.

ग्लास हाती आल्यावर आधी वास घ्यावा, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग नाकाने कळतो, आणि फेस विरू लागला की उडून जाणारे वास झपाट्याने कमी होतात. ग्लास हलकेच फिरवावा, दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत आणि जो वास आठवेल तो मनात तपासत न बसता लगेच लिहावा. लिहिताना परदेशी समीक्षकांची शब्दावली उसनी घेण्याचे कारण नाही. पिकलेला पेरू, आंब्याची कोय, कडक भाजलेली पोळी, गूळ, ओली माती, संत्र्याच्या सालीचा तिखट दर्प, हे शब्द आम्हांला अधिक नेमके कळतात. त्यानंतर घोट घेऊन तो तोंडभर फिरवावा आणि गिळावा. घशाखाली गेल्यावर मागे उरणारा कडवटपणा हा बिअरच्या परीक्षणाचाच भाग असल्यामुळे परीक्षक सहसा ती थुंकत नाहीत.

बिअर फार थंड असेल तर वास दबतात. विट आणि हेफेवायझन आम्ही साधारण 5 ते 7 अंश सेल्सिअसला देतो, स्टाउट मात्र 10 ते 12 अंशांना. स्टाउट "पुरेशी गार नाही" ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते, तरीही आम्ही ती अधिक गार करत नाही, कारण तिच्यातील भाजलेल्या कॉफीचा आणि कडू चॉकलेटचा वास त्यात हरवतो. चाखणी सुरू असताना चकणा आणि बडीशेप बाजूला ठेवावी. मिठामुळे कडवटपणा कमी जाणवतो आणि मिरचीची आग जिभेला इतर काही कळू देत नाही. त्यामुळे खारे किंवा मसाला शेंगदाणे खात चाखलेल्या आयपीएविषयीचे मत विश्वासार्ह राहत नाही. साधे पाणी आणि साधा पाव पुरेसा आहे.

आता दोषांविषयी, ज्यांची नोंद आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला, तर बहुधा यीस्टला डायअसिटिल हे त्या वासाचे संयुग शोषून घेण्याइतका वेळ मिळालेला नसतो. हिरव्या सफरचंदाचा वास बिअर कोवळी असल्याचे सांगतो, उकडलेल्या मक्याचा वास उकळणी कमी पडल्याचा संशय निर्माण करतो, आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिजनमुळे बिअर शिळी झाल्याचे दाखवतो. दुकानातून घेतलेल्या हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत कधी उग्र, कुबट दर्प येतो, तो प्रकाशामुळे हॉप्समधील कडू द्रव्यांचे विघटन झाल्याने येतो. तपकिरी काच यापासून बऱ्याच अंशी संरक्षण देते. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले असतील, तर दोष बिअरचा नसून आमच्या धुण्याचा आहे, आणि तो ग्लास आपण निःसंकोच परत करावा.

गुण देण्यासाठी आम्ही अमेरिकेतील बीजेसीपी या परीक्षक-संस्थेची 50 गुणांची विभागणी वापरतो : वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातील स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10. रूपाला इतके कमी गुण असणे आम्हांला रास्त वाटते. आकड्यापेक्षा त्यामागचे एक कारण अधिक महत्त्वाचे आहे, त्यामुळे वेळ कमी असल्यास गुण गाळावेत, पण ते कारण लिहिणे गाळू नये.

प्रत्येक ग्लासात 90 मिलिलिटर, म्हणजे पाच ग्लासांत मिळून 450 मिलिलिटर बिअर असते. लहान ग्लासांमुळे ती कमी वाटते. परंतु सरासरी 5 टक्के मद्यार्क धरल्यास त्यात 22.5 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, म्हणून वाहन घेऊन येणाऱ्यांनी चाखणीनंतर ते चालवू नये. आमच्याकडे 25 वर्षे पूर्ण केलेल्या ग्राहकांनाच चाखणीत भाग घेता येतो आणि वयाचा पुरावा सोबत असणे आवश्यक आहे. गहू, जव किंवा ग्लुटेन यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी यांपैकी कोणतीही बिअर घेऊ नये. भरलेला कागद निघताना काउंटरवर द्यावा. त्यावर नाव लिहिण्याची गरज नाही, मात्र ग्लासांच्या फळीवर लिहिलेला खेपेचा क्रमांक न विसरता लिहावा.