डीव्हीडी रूपांतर आणि बिटरेट

कॅसेटवरचे किंवा संगणकातले चित्रण डीव्हीडीवर घेताना दर सेकंदाला जेवढी माहिती वापरली जाते, तिला बिटरेट म्हणतात. डीव्हीडीचे चित्र एमपेग-२ पद्धतीने आवळलेले असते. भारतातल्या पाल या टीव्ही पद्धतीत त्याचा आकार ७२० × ५७६ बिंदू असून सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुटी स्थिर चित्रे, असतात. चित्राच्या बिटरेटची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट (एक मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट) आहे.

खरी अडचण जागेची. साध्या डिस्कमध्ये ४.७ जीबी मावतात. दोन तासांच्या चित्रणाला आवाज धरून सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट मिळतात, चार तासांना जेमतेम २.६. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे लग्न हळदीपासून वरातीपर्यंत शूट केले, की चार तास सहज भरतात. त्यात घरच्यांना सगळे एकाच डिस्कमध्ये हवे असते.

एमपेग-२ प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेममध्ये १६ × १६ बिंदूंचे चौकोन कुठून कुठे सरकले एवढीच नोंद व उरलेला फरक. आंतरपाट धरून सगळे उभे असतात तोवर हे स्वस्तात निभते. ‘शुभमंगल सावधान’ झाले, की शेकडो अक्षता वेगवेगळ्या दिशांनी उडतात, आधीच्या फ्रेमवरून केलेला अंदाज चुकतो, बिट अपुरे पडतात आणि नेमके वधूवरांच्या चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. बेळगावच्या शिवजयंतीतल्या चित्ररथांच्या रात्रीच्या चित्रणाचेही तेच: लुकलुकते दिवे, हलती गर्दी आणि अंधारात कॅमेऱ्याने स्वतःच उठवलेले दाणे.

दोन फेऱ्यांचे (पहिलीत चित्रण तपासून दुसरीत आवळण्याचे) बदलते बिटरेट, म्हणजे व्हीबीआर, शांत दृश्यांतले बिट वाचवून अक्षतांना देते. पण सरासरीच २.६ असेल तर तेही काय करणार? अशा वेळी दोन डिस्क कराव्यात, किंवा ८.५ जीबीची दुपदरी डिस्क घ्यावी; मात्र काही जुने प्लेअर ती वाचत नाहीत. व्हीएचएस कॅसेटसाठी ३५२ × ५७६ हा आकारही डीव्हीडीला चालतो, आणि कॅसेटमध्ये मुळातच बारकावे कमी असल्याने फारसे काही हरवत नाही.

बिटरेट वाढवून गेलेले चित्र परत येत नाही. व्हीसीडीवरून, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या कमी दर्जाच्या डिस्कवरून, ८ मेगाबिटने केलेल्या डीव्हीडीत व्हीसीडीचे चौकोन तेवढे इमानाने उतरतात. उलट, घरी बर्न केलेली डिस्क कमाल मर्यादेच्या जवळ नेली तर जुन्या प्लेअरवर अडखळू शकते.

आवाजात मात्र काटकसर परवडते. न आवळलेला आवाज, म्हणजे स्टिरिओ पीसीएम, सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट खातो, तर आवळलेल्या डॉल्बी डिजिटलला ०.२ च्या आसपास पुरतात. लग्नातली सनई तेवढ्यात नीट ऐकू येते.