नागपूरचं ऊन आणि मुंबईचा उकाडा

मे महिन्यात मुंबईहून आमच्याकडे नागपूरला आलेला पाहुणा पहिल्याच दुपारी हमखास म्हणतो, "ऊन आहे खरं, पण घाम कुठे येतोय?" गेल्या उन्हाळ्यात माझी आत्तेबहीणही हेच म्हणाली. मी तिला तिच्याच काळ्या कुर्त्याची पाठ दाखवली. मिठाचे पांढरे ओघळ वाळून बसले होते. घाम आला होता, पण दिसायच्या आत उडून गेला होता.

दोन्हीकडे आपण "गरम होतंय" एवढंच म्हणतो, तिथेच घोळ होतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि दुपारची हवा अगदी कोरडी. मुंबईत तो ३३-३४ च्या आसपास, पण हवेत समुद्राचं बाष्प भरलेलं. शरीर गार होतं ते घाम वाळल्यामुळे. आमच्याकडे तो लगेच वाळतो, मात्र अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही आणि ऊन लागतं. मुंबईत घाम नुसता निथळत राहतो, म्हणून ३४ अंशांतही जीव कासावीस होतो. हवामान खातंही दोन्हीकडे एकच माप लावत नाही. उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंश धरतात, किनाऱ्यासाठी ३७.

वाऱ्याचं तर अगदी उलट आहे. मुंबईत खिडकीशी बसलं की बरं वाटतं. आपली त्वचा साधारण ३५ अंशांची, आणि नागपुरात दुपारचा वारा त्याहून कितीतरी तापलेला. तो अंगाला भाजतो. म्हणून इथल्या मुली गाडीवर डोक्यापासून हातांपर्यंत दुपट्टा गुंडाळून निघतात. पाहुण्यांनो, बिनबाह्यांचे कपडे मुंबईसाठी ठेवा, इथे पूर्ण बाह्यांचं सुती घाला. तहानेची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं पीत राहा.

कूलरचंही तसंच. कोरडी हवा कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताट्यांतून, म्हणजे वाळ्या-गवताच्या जाड पडद्यांतून, आली की पाणी वाळतं आणि खोली गार होते. मुंबईत तो लावलात तर दमटपणा वाढेल, बाकी काही नाही. आमच्याकडेही जूनच्या मध्यात पाऊस आला की कूलर लावूनही चादर अंगाला चिकटते. मग आई टाकीतलं पाणी काढून टाकते, ताट्या उन्हात टाकते आणि नुसता पंखा सुरू होतो.