दिव्यांगत्वाचे सिम्युलेशन

धडधाकट व्यक्तीने डोळ्यांना पट्टी बांधून, कानांत बोळे घालून किंवा व्हीलचेअरवर बसून काही वेळ वावरण्याचा उपक्रम. सोलापुरातल्या शाळा-कॉलेजांत तो घ्यायचा झाला, तर 3 डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन, सोयीचा वाटतो. त्यातून दिव्यांगांचे जगणे कळते, हा समज चुकीचा आहे.

पट्टी बांधून कळतो तो फार तर दृष्टी गेल्याचा पहिला तास, तोही प्रशिक्षणाविना. पांढरी काठी साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत येते. उजवा पाय पुढे पडताना तिचे टोक डावीकडे टेकते, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासून होते. हा ताल हातात बसायला बराच सराव लागतो. शिवाय बहुतेक दृष्टिबाधितांना थोडेफार दिसते. एरिएल सिल्व्हरमन या दृष्टिहीन मानसशास्त्रज्ञ आणि सहकाऱ्यांच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पट्टी बांधून वावरलेल्यांना अंध व्यक्ती नोकरी करायला आणि स्वतंत्र राहायला कमी सक्षम वाटू लागल्या. घाबरलेला माणूस आपली भीतीच त्यांच्या माथी मारतो. कानातले बोळे तर त्याहून फोल. सांकेतिक भाषा त्यांतून शिकता येत नाही.

व्हीलचेअरची पुढची लहान चाके फरशीच्या फटीत अडकली की नवखा पुढे फेकला जातो. सरावलेला ती क्षणभर उचलून निघून जातो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना दर 15 ते 30 मिनिटांनी बैठकीवरचा भार हलवावा लागतो, नाहीतर जखमा होतात. विद्यार्थी नकळत सरकून बसतो, त्याला याचा पत्ताही लागत नाही. इजा मानेजवळ असेल तर तिच्याखालच्या शरीराला नीट घाम येत नाही. सोलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा अशा माणसाला दुपारी बाहेर पडणे धोक्याचे असते आणि चाकाची धातूची कड हाताला चटके देते. डिसेंबरच्या गार सकाळी यातले काय कळणार?

उपयोग आहे तो अडथळे मोजण्यापुरता. टेप घेऊन सोलापूरच्या नवी पेठेच्या बाजारात जावे. दुकानाच्या पायरीवरून खुर्ची चढवायच्या उताराचे (रॅम्पचे) प्रमाण 1:12 हवे: 6 इंचांच्या पायरीला 6 फूट. तिथे 2 फुटांची फळी टाकली तर उतार 1:4 होतो आणि चढताना खुर्ची मागे उलटू शकते. दाराची मोकळी रुंदी 900 मिलिमीटर असावी. पाहणीचे नेतृत्व रोज व्हीलचेअर वापरणाऱ्याकडे, मानधन देऊन सोपवावे. कुठल्या दुकानात आधी जायचे हेही त्यालाच ठरवू द्यावे.