अटलांटिक सिटी: कॅसिनो बंद पडले तेव्हा जिटनी, बस आणि ट्रेनचं काय झालं

अटलांटिक सिटी म्हणजे अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं समुद्रकाठचं शहर, ॲबसीकन नावाच्या लांबट बेटावर वसलेलं. कायमची वस्ती चाळीस हजारांच्या आतबाहेर, पण भरभराटीच्या काळात वर्षाला तीन कोटींहून जास्त पाहुणे यायचे. २०१४ या एकाच वर्षात इथल्या १२ पैकी ४ कॅसिनोंना टाळं लागलं आणि सुमारे ८,००० लोकांच्या नोकऱ्या गेल्या, २०१६ मध्ये पाचवाही गेला. बातम्या आल्या त्या बहुतेक मालकांच्या आणि कर्जबाजारी कंपन्यांच्या, पण याच कॅसिनोंच्या जिवावर शहरातली लोकल वाहतूकसुद्धा चालायची, आणि तिला बसलेला फटका सगळीकडे सारखा नव्हता.

आधी थोडं मागचं

१९७६ मध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटीपुरता जुगार कायदेशीर केला आणि २६ मे १९७८ ला रिसॉर्ट्‌स हा पहिला कॅसिनो उघडला, नेवाडाच्या बाहेरचा अमेरिकेतला पहिला कायदेशीर कॅसिनो. (महाराष्ट्रातही १९७६ सालीच कॅसिनोंचा कायदा झाला होता बरं का, फक्त तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला.) पुढची जवळपास तीस वर्षं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जुगाराचा मोठा हिस्सा या एका गावाकडे होता, २००६ मध्ये कॅसिनोंची कमाई ५२० कोटी डॉलरवर पोचली. नेमक्या त्याच वर्षी शेजारच्या पेनसिल्वेनिया राज्यात स्लॉट मशीनवाले कॅसिनो सुरू झाले. फिलाडेल्फियाच्या माणसाला तास-दीड तास गाडी हाकत समुद्रावर यायचं कारणच उरलं नाही, २००८ च्या मंदीने उरलासुरला दम काढला, आणि २०१४ पर्यंत कमाई जवळपास निम्म्यावर आली.

मग १३ जानेवारी २०१४ ला अटलांटिक क्लब बंद झाला, ३१ ऑगस्टला शोबोट, २ सप्टेंबरला रेव्हेल, १६ सप्टेंबरला ट्रम्प प्लाझा. यातला रेव्हेल तर २४० कोटी डॉलर ओतून २०१२ च्या एप्रिलमध्ये उघडलेला, अडीच वर्षंही धड चालला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात ट्रम्प ताजमहालमधल्या कामगारांचा संप झाला आणि १० ऑक्टोबरला तो कॅसिनोही बंद पडला.

पॅसिफिक ॲव्हेन्यू आणि जिटनी

समुद्राच्या कडेने बोर्डवॉक म्हणजे चालायचा लाकडी रस्ता, त्याला लागून रांगेने कॅसिनो, आणि कॅसिनोंच्या पाठीमागून त्यांना समांतर जाणारा रस्ता तो पॅसिफिक ॲव्हेन्यू. मोनोपॉलीचा मूळचा अमेरिकन पट ज्यांनी खेळलाय त्यांना हे नाव माहीत असेल, त्या पटावरचे रस्ते याच गावाचे आहेत. तर या पॅसिफिक ॲव्हेन्यूवर जिटनी धावतात. जिटनी म्हणजे १३ सीटची छोटी बस, आपल्याकडे सातारा-कोल्हापूर बाजूला वडाप चालतं त्यातलाच प्रकार, फरक एवढाच की इथे रूट ठरलेले, परवाने मोजके आणि टपावर कोणी बसत नाही. १९१५ पासून ही सेवा चालू आहे. गावातल्या ट्राम १९५५ मध्ये बंद झाल्या, जिटनी मात्र टिकल्या.

परवाने एकूण १९०. गाडी ड्रायव्हरच्या स्वतःच्या मालकीची, सगळे मिळून एक असोसिएशन चालवतात, आणि सरकारी बससेवेसारखं चालवण्याच्या खर्चाला अनुदान नाही, जे काय मिळायचं ते तिकिटातून. इंजिन बिघडलं, टायर गेला, इन्शुरन्स भरायचा आला, सगळं स्वतःच्या खिशातून. २०१० च्या सुमारास सगळा ताफा सीएनजीवर गेला. परवाना विकता येतो, त्यामुळे बऱ्याच ड्रायव्हरांच्या हिशोबी तो म्हातारपणाची तरतूदच, पण त्याचा भाव गावच्या धंद्याला बांधलेला, कॅसिनो जोरात असले तर वर आणि नसले तर खाली.

आता बाहेरच्याला वाटतं जिटनीत जुगारी बसत असणार, टुरिस्ट बसत असणार. बसतात, उन्हाळ्यात तर भरपूर बसतात. पण चोवीस तास गाडी चालवायला परवडतं ते कामगारांमुळे. टेबलावर पत्ते वाटणारे डीलर, सफाईवाल्या, किचनमधली पोरं, सिक्युरिटी, हे लोक पहाटे, दुपारी आणि रात्री शिफ्ट बदलताना ठरल्या वेळी हमखास स्टॉपवर असतात, पाऊस असो की जानेवारीतली बर्फाची हवा. टुरिस्टचा भरवसा नाही.

म्हणूनच कॅसिनो बंद पडण्याचा परिणाम वाहतुकीवर वेगळा होतो आणि कमाईवर वेगळा, ही गोष्ट बऱ्याचदा निसटते. एक कॅसिनो बंद झाला की त्याचे जुगारी काही घरी बसत नाहीत, त्यातले बरेचसे शेजारच्या कॅसिनोत जातात. २०१४ नंतर तसंच झालं, उरलेल्या आठ कॅसिनोंचा नफा २०१५ मध्ये वाढला आणि लोक म्हणायला लागले की चला, बाजार सावरला. पण शेजारचा कॅसिनो जास्तीचे जुगारी आहे त्याच स्टाफवर सांभाळून घेतो, बंद पडलेल्या कॅसिनोतले सगळे कामगार काही तो घेत नाही. म्हणजे पाहुणे सरकले आणि रोज जाऊन-येऊन करणारे गळाले. ताळेबंदात शहर सावरल्यासारखं दिसत होतं तेव्हा पहाटेच्या जिटनीत सीटा रिकाम्या.

त्यात जागांचा घोळ. अटलांटिक क्लब दक्षिणेच्या टोकाला, प्लाझा मधोमध, पण शोबोट आणि रेव्हेल उत्तरेला एकमेकांना खेटून, आणि त्यांच्याच बाजूला ताजमहाल. शोबोटमध्ये दोन हजारांवर माणसं कामाला, रेव्हेलमध्ये तीन हजारांवर, आणि हे दोन्ही तीन दिवसांच्या आत बंद, तेही लेबर डेच्या वीकेंडला, म्हणजे सीझनच्या ऐन शेवटच्या गर्दीत. रूट तोच, अंतर तेच, सीएनजी तेवढाच जळणार, फक्त उत्तरेच्या टोकाला चढणारं-उतरणारं फार कमी उरलं. सरकारी बस असती तर फेऱ्या कमी करून तोटा कुठेतरी वरच्या बजेटमध्ये टाकला असता, इथे तो थेट ड्रायव्हरच्या घरात गेला. पुढच्या काही वर्षांत मोबाईलवरून मागवायच्या टॅक्सीही आल्या आणि उरलेल्या टुरिस्टांतलेही काही गेले.

कॅसिनोंच्या बसगाड्या आणि एक ट्रेन

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून येणाऱ्या कोचबसचं प्रकरण वेगळं. यात बहुतेक म्हातारी माणसं, शिवाय चायनाटाउनमधून येणारे पुष्कळ. कॅसिनो त्यांना उतरल्यावर नाण्यांची गुंडाळी नाहीतर कूपन द्यायचा, म्हणजे तिकिटाचे पैसे जवळपास परत. बस थेट कॅसिनोच्या दारात, त्यामुळे जिटनीला यातून तसंही फार मिळत नव्हतं. धंदा आक्रसला तसा कॅसिनोंनी दिवसभरात येऊन जाणाऱ्यांवरचा हा खर्च आवळला आणि रात्री मुक्काम करणाऱ्या गाडीवाल्यांच्या मागे लागले.

ट्रेनची तर गंमतच. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवरून थेट अटलांटिक सिटीला येणारी एसेस नावाची वीकेंड एक्स्प्रेस सुरू झाली, पैसे कॅसिनोवाल्यांचे, डबल डेकर डबे, मध्ये फक्त नुअर्कला थांबा. गाडीला फिलाडेल्फियाच्या बाजूने वळसा घालून यावं लागायचं, पावणेतीन तासांच्या आसपास लागायचे आणि बसपेक्षा महाग. २०११ च्या सप्टेंबरात ती थांबवली आणि मार्च २०१२ मध्ये कायमची बंद केल्याचं जाहीर झालं, रेव्हेल उघडायच्या जेमतेम महिनाभर आधी!

साधी लोकल ट्रेन, फिलाडेल्फिया ते अटलांटिक सिटी, न्यू जर्सी ट्रान्झिट चालवतं. तिच्यात जुगाऱ्यांबरोबर कामावर जाणारेही असतात. २०१८ च्या जूनमध्ये ताजमहालच्या जागी हार्ड रॉक आणि रेव्हेलच्या जागी ओशन असे दोन कॅसिनो एकाच वेळी उघडले, शहराला वाटलं बरे दिवस आले, आणि सप्टेंबरात सुरक्षेची नवी यंत्रणा बसवायची म्हणून ही लाइनच बंद केली ती थेट मे २०१९ पर्यंत. यात कॅसिनोंचा दोष काहीच नाही, पण वेळ कशी साधली बघा.

गावच्या बस

५०१ ते ५०९ नंबरच्या आसपासच्या बस ब्रिगँटिन, लाँगपोर्ट, ओशन सिटी, हॅमिल्टन मॉल अशा जवळपासच्या भागांत जातात. गावात कित्येक वर्षं एक मोठं सुपरमार्केट नाही, म्हणजे किराणा आणायलाही बेटाबाहेर जावं लागतं, आणि गाडी नसलेली घरं पुष्कळ. त्यामुळे नोकरी गेल्यावर या बसचा प्रवासी गायब होत नाही, तो फक्त वेगळ्या वेळी आणि वेगळ्या कारणाने चढतो. सरकारी आधार असल्याने या बस तगल्या, पण कॅसिनोंनी मालमत्ता कराविरुद्ध अपिलं केली, शहराची करपात्र मालमत्ता २०१० मधल्या सुमारे २,००० कोटी डॉलरवरून काही वर्षांत तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ आली आणि २०१६ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शहराचा कारभारच हातात घेतला, अशा शहराकडून स्वतःच्या पैशाने वाहतूक सुधारायची अपेक्षा करणं जरा जास्तच.

राज्यभर पोचलेला फटका

हा भाग गावाबाहेर फारसा कोणाला माहीत नसतो. न्यू जर्सीत कॅसिनोंच्या कमाईवर ८ टक्के कर आहे आणि तो पैसा ज्येष्ठ नागरिक आणि अपंगांसाठीच्या वेगळ्या निधीत जातो. त्या निधीतला ८.५ टक्के हिस्सा राज्याच्या सगळ्या २१ काऊंट्यांमधल्या (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वृद्ध आणि अपंगांच्या व्हॅनसेवेला. म्हणजे समुद्रापासून पार दूर, उत्तरेच्या डोंगराळ काऊंटीत एखाद्या आजी डायलिसिसला व्हॅनने जातात त्याचा खर्च काही अंशी अटलांटिक सिटीतल्या स्लॉट मशीनमधून निघतो. कॅसिनोंची कमाई निम्मी झाली तशी ही रक्कमही जवळपास निम्मी झाली, कुठे फेऱ्या कमी झाल्या, कुठे डॉक्टरकडे न्यायचं तेवढं ठेवून बाजारहाटाच्या फेऱ्या मागे पडल्या. गरजेची सेवा जुगाराच्या गल्ल्याला बांधायची म्हटल्यावर हे कधीतरी होणारच होतं.

नंतर

शोबोट २०१६ मध्ये कॅसिनोशिवाय, नुसतं हॉटेल म्हणून परत उघडलं. मधल्या काळात ते स्टॉकटन विद्यापीठाने विकत घेतलं होतं, पण १९८८ च्या एका करारात ती जागा कॅसिनोसाठीच वापरायची अट निघाली आणि तो बेत फसला, मग विद्यापीठाने २०१८ मध्ये दक्षिण टोकाला वेगळा कॅम्पस उघडला, म्हणजे तिकडे थोडे विद्यार्थी प्रवासी मिळाले. ट्रम्प प्लाझा फेब्रुवारी २०२१ मध्ये स्फोटकं लावून पाडला.

पैशाचा ओघ आता दुसरीकडून आहे. २०१३ च्या नोव्हेंबरपासून राज्यात ऑनलाइन कॅसिनो कायदेशीर आहेत, २०२४ मध्ये त्यांची कमाई २०० कोटी डॉलरच्या वर गेली, आणि त्यांचा करही त्याच ज्येष्ठांच्या निधीत जातो, त्यामुळे काऊंट्यांच्या व्हॅनला पुन्हा पैसे मिळायला लागले. जिटनीवाल्याला मात्र त्याचा उपयोग शून्य, कारण घरी सोफ्यावर बसून फोनवर खेळणारा पॅसिफिक ॲव्हेन्यूवर येतच नाही, आणि त्याला पत्ते वाटायला रात्रपाळीचा भरगच्च स्टाफही लागत नाही.