निर्गुडीच्या अर्काची वेदनाशामक चाचणी: मंजुरीचा अर्ज कुठे अडतो

वनस्पतीच्या अर्काने वेदना कमी होते का, हे एम.फार्म.च्या प्रबंधासाठी उंदरांवर तपासायचे असेल तर कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची, म्हणजे आयएईसीची मंजुरी आधी लागते. अर्ज 'फॉर्म बी'मध्ये, गाइडमार्फत. कॉलेजचे प्राणीगृह सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे (पूर्वीची सीपीसीएसईए) नोंदलेले हवे.

खरी दमछाक होते ती वनस्पतीच्या ओळख प्रमाणपत्रापायी, म्हणजे ही निर्गुडीच आहे असा वनस्पतितज्ज्ञांचा दाखला मिळवण्यापायी. मुले काष्ठौषधीच्या दुकानातून निर्गुडीचे चूर्ण आणतात, अर्क काढून मोकळी होतात आणि मग प्रमाणपत्रासाठी धावतात. पुण्यात कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र आहे. तिथे पुडी नेऊ नका, फुलोऱ्यासह फांदी न्या. ती रद्दी कागदात दाबून वाळवा आणि कागद रोज बदला, नाहीतर पाने काळी पडतात, बुरशी धरते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. अर्कासाठी पालाही त्याच झाडांचा घ्या. फुलोरा नसेल तर थांबा, पण दुसऱ्याच्या नमुन्यावर प्रमाणपत्र काढू नका.

दुसरी अडचण प्राण्यांच्या संख्येची. कंट्रोल (औषध न दिलेला गट), तुलनेसाठी डायक्लोफेनॅक हे नेहमीचे वेदनाशामक आणि अर्काचे तीन डोस असे पाच गट, प्रत्येकी 6, म्हणजे एका चाचणीला 30 उंदीर. 'सगळे सहाच घेतात' हे कारण समिती मानत नाही. संख्येचा सांख्यिकी हिशेब द्या. वेदना तपासायला उंदराला ज्या तापलेल्या तबकडीवर ठेवतात ती 'हॉट प्लेट' 55 अंशांवर असते. उंदराने पंजा चाटला नाही, उडी मारली नाही, तरी ठरावीक वेळेला, बहुधा 15 सेकंदांना, त्याला उचलायचेच. ही मर्यादा कित्येक अर्जांत नसते आणि पशुवैद्य सदस्य अर्ज परत करतात. योग्यच करतात, त्या जिवाचा पंजा भाजतो.

तुलनेला मॉर्फीनसारखे तीव्र वेदनाशामक लिहिण्याआधी ते मिळणार कुठून ते पाहा. ते अमली पदार्थ कायद्याखाली येते, 2018 पासून ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही.

सीसीएसईएने नेमलेल्या प्रतिनिधीशिवाय समितीची बैठक होत नाही. त्यांची तारीख मिळेना म्हणून महिने जातात आणि भरडला जातो विद्यार्थी. कॉलेजांनी बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच लावायला काय हरकत आहे?

तरीही घाई करून प्रयोग उरकू नका. अर्ज दिल्याची तारीख धरली जात नाही, मंजुरीची धरली जाते. त्याआधीचा प्रयोग मागाहून मंजूर करून मिळत नाही.