डब्यावरचा १:७०० आला कुठून?

जहाजाच्या प्रतिकृतीचा डबा हातात घेतला की नावाखाली १:९६, १:३५०, १:७०० असा आकडा दिसतो. हे त्या प्रतिकृतीचं स्केल: १:७०० म्हणजे खरं जहाज तिच्या सातशेपट लांब. या छंदातले निम्मे वाद त्या आकड्यावरून होतात. गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘मोठं स्केल’ म्हणजे खालचा आकडा लहान, हे नवख्याला दोनदा समजावून सांगावं लागतं. शाळेत स्केल म्हणजे पट्टी. गंमत अशी की मूळ अर्थाच्या ही पट्टीच जास्त जवळ आहे.

सुताराच्या हिशेबात इंचाचे आठ सूत. दोन सुतांना एक फूट धरला की १:४८, दीड सुताला धरला की १:६४, एका सुताला धरला की १:९६. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आरमारासाठी बनलेल्या प्रतिकृती बहुतांशी १:४८ च्या, म्हणजे पाव इंचाला फूट. पट्टीवर भाग पाडले की काम सुरू, गुणोत्तर लिहून ठेवायची कुणाला गरज नव्हती. नेपोलियनच्या काळात इंग्लंडच्या कैदेत पडलेल्या फ्रेंचांनी हाडांपासून घडवलेली जहाजं सुंदर आहेत, पण बहुतेकांची मापं नजरेची. मराठा आरमारातल्या गुराब-गलबतांबाबतही जपून बोलावं. कारागिरांचं माप हातात आणि डोळ्यात असे, त्यामुळे गुराबीच्या प्रतिकृतीखालचा १:४८ हा अंदाज समजावा.

लाकडी कामात आकडा ठरला की लाकूडही ठरतं. ‘त्रिंकोमाली’ हे फ्रिगेट (शिडाची वेगवान युद्धनौका) मुंबईच्या गोदीत सागवानात बांधून १८१७ मध्ये पाण्यात सोडलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. त्याचा तोफांचा डेक सुमारे १५० फूट, म्हणजे दोन सुतांच्या हिशेबाने साडेसदतीस इंच आणि एका सुताच्या हिशेबाने पावणेएकोणीस. मूळ जहाज सागाचं म्हणून प्रतिकृतीही सागाची करायचा मोह होतो. तिथेच फसतं. सागाची छिद्रं आणि रेषा डोळ्यांना दिसतात आणि १:९६ ला त्या फळीच्या फटींएवढ्या वाटतात. बारीक पोताचं हळदू, म्हणजे आपला हेद, इथे बरा. दोरखंडांची चूक याहून जुनी आहे. जुन्या तक्त्यांत १० इंची दोर म्हणजे १० इंच घेराचा दोर. त्याचा व्यास साधारण ८१ मिमी, १:४८ ला १.७ मिमी. घेरालाच व्यास समजून ओवलेला दोर ५.३ मिमीचा होतो आणि सगळी डोलकाठी साखळदंडात जखडल्यासारखी दिसते.

प्लास्टिक आलं आणि पट्टी हातातून सुटली. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘गोल्डन हाइंड’ या सोळाव्या शतकातल्या जहाजाचा छोटा संच दुकानात आला, १९५३ मध्ये अमेरिकेत ‘मिसूरी’ या युद्धनौकेचा. ‘मिसूरी’चं प्रमाण १:५३५. हा आकडा कुठल्याही पट्टीवर सापडत नाही, कारण तो खोक्यातून निघाला आहे. २७० मीटरचं जहाज अर्ध्या मीटरच्या खोक्यात बसवायचं, भागाकार येईल तो छापायचा. असे संच शेजारी ठेवले तर विनाशिका युद्धनौकेएवढी दिसते. ब्रिटिशांनी पुढे १:६०० धरलं (इंचाला ५० फूट), फ्रेंचांनी १:४००, काही अमेरिकी आणि इटालियन संचांनी १:७२० (इंचाला ६० फूट).

१९७१ चा निर्णय या पसाऱ्यात आला. जपानच्या शिझुओका प्रांतातल्या चार उत्पादकांनी मिळून दुसऱ्या महायुद्धातली जहाजं वाटून घेतली. एकाने काढलेलं जहाज दुसऱ्याने काढायचं नाही. प्रमाण सगळ्यांचं १:७०० आणि जलरेषेखालचा भाग सरळ कापलेला. जलरेषेवर कापण्यात नवं काही नव्हतं. जहाज ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी १:१२०० (इंचाला १०० फूट) आणि १:१२५० च्या बिनबुडाच्या प्रतिकृती दुसऱ्या महायुद्धातही वापरात होत्या. इथे बांधायचा छंद म्हणून विकल्या जाणाऱ्या संचातूनच सुकाणू, पंखे आणि पठाण (जहाजाच्या तळाचा कणा) वगळले गेले.

त्यावरचा राग अजून शमलेला नाही. जहाजाचं सौंदर्य पाण्याखालच्या वळणात आहे, ते कापणं म्हणजे पुतळा कमरेपर्यंत घडवणं, असं एक बाजू म्हणते. म्हणणं खोटं नाही, पण त्यात ताफ्याचा विचार नाही. ‘यामातो’ ही जपानी युद्धनौका २६३ मीटरची. १:३५० ला ती ७५ सेंमी होते, १:७०० ला साडेसदतीस. एका फळीवर युद्धनौका, दोन क्रूझर आणि सहा विनाशिका एकाच मापात मांडता येणं ही या निर्णयाची खरी कमाई. त्यापुढे पंख्यांची पाती हरवली तर हरवू द्यावीत. १९९२ मध्ये चौघांतला एक बाहेर पडला आणि त्याच्या वाट्याची जहाजं उरलेल्यांनी नव्याने काढली. एकाच जहाजाचे दोन-दोन संच मिळू लागले ते तेव्हापासून.

तांत्रिक घोळ मात्र त्या कापलेल्या तळातच आहे. जुन्या संचांत डावी-उजवी बाजू वेगळी आणि खाली सपाट तळपट्टी. ही पट्टी १ मिमी जाड असेल आणि ती समुद्राच्या पृष्ठभागावर तशीच ठेवली तर जहाज ७० सेंमी वर उचललं जातं. भरल्या जहाजाचा बाज जातो आणि ते रिकामं, पाण्यावर तरंगणाऱ्या बुचासारखं दिसतं. उपाय दोन आहेत. एक, समुद्राच्या पाटावर तळाच्या आकाराची १ मिमी खोल खाच पाडून जहाज तिच्यात बसवायचं. दोन, तळ घासायचा. काचेवर २४० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवायचा, डेक आतून टेपने तात्पुरता बसवायचा (नाहीतर बाजू दाबाने आत वळतात) आणि जहाज इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासायचं. दर वीसेक फेऱ्यांनी नाळ (पुढचं टोक) आणि मागचं टोक दोन्हीकडची उंची मोजायची. हाताचा भार नेहमी पुढे पडतो आणि जहाज नाकावर झुकतं. वजनासाठी तळात ठेवायची लोखंडी पट्टी दमट हवेत गंजून फुगते. घालायचीच तर आधी तिला वार्निश द्यावं.

१:७०० ची दुसरी मर्यादा कठड्यांत दिसते. एक मीटर उंच कठडा १.४ मिमी होतो. त्याची २५ मिमीची सळई ०.०३६ मिमी व्हायला हवी. आम्लाने कोरलेले पितळी कठडे ऐंशीच्या दशकापासून रुळले, पण त्यांची तार ०.१ मिमीच्या खाली सहसा जात नाही. म्हणजे खऱ्या जहाजावर ७ सेंमी जाडीचे नळ लागले. म्हणून ते डेकच्या रंगाहून किंचित फिकट रंगवतात. गडद रंगवले तर नजर तिथेच अडकते.

पुढे काही चिनी उत्पादकांनी १:७०० ला पूर्ण जहाज द्यायला सुरुवात केली. वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा, ज्याला जे हवं ते त्याने लावावं. वाद मिटेल असं वाटलं होतं. पण जोड येतो नेमका जलरेषेवरच, काळ्या पट्ट्याच्या जागी. लांबी (पुट्टी) भरून तो घासताना दोन-तीन दशांश मिमी वरच्या भागातून जातात, आणि ०.२ मिमी म्हणजे १४ सेंमी. त्यामुळे पट्टा आधी मास्किंग टेपने आखून मग घासतात. तरी नाळेपाशी, जिथे दोन्ही बाजू धारदार होऊन मिळतात, तिथला जोड उघडा पडतोच. तिथे लांबीऐवजी पातळ सुपर ग्लूचा एक थेंब टेकवून, वाळल्यावर ६०० नंबरच्या कागदाने दोन हात फिरवतात.