घोड्याचा डोळा पिवळा: यकृत बिघडलंय की रक्त फुटतंय?

ऐन लग्नसराईत वरातीची घोडी खाणं सोडते. मालक पापणी उलटून पाहतो, आतला पांढरा भाग हळदीसारखा दिसतो आणि कोठ्यातच निदान होऊन जातं: कावीळ. लगेच ठरलेले उपाय सुरू होतात. भिजवलेले हरभरे, तूप-गूळ, रक्तवाढीचं लोहाचं टॉनिक आणि कुणीतरी सुचवलेलं तापाचं इंजेक्शन. यातला हरभरा एका प्रकारच्या काविळीत उपयोगाचा आहे, पण दुसऱ्या प्रकारात तोच घोडीच्या मेंदूवर जातो. म्हणून चारा-खुराक बदलण्याआधी आणि सुई टोचण्याआधी हा पिवळेपणा कुठून आला ते ठरवावं लागतं.

तांबड्या रक्तपेशी जुन्या झाल्या की फुटतात आणि त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते उचलतं, त्याचं रूप बदलतं आणि पित्तासोबत आतड्यात सोडतं. मोरीत पाणी साचलं तर एक तर नळ फार सुटलेला असतो किंवा नाली तुंबलेली असते, तसंच हे आहे. रक्तपेशी भराभर फुटत असतील तर नळ सुटला, यकृत बिघडलं असेल तर नाली तुंबली. डोळा दोन्हीकडे सारखाच पिवळा.

घोड्याच्या बाबतीत एक तिसरं कारणही आहे आणि ते आधी बाजूला काढलं पाहिजे. घोडा दोन-तीन दिवस नीट जेवला नाही, मग पोटदुखी असो की दाढेचं टोक गालाला लागत असो, तर यकृत आणि रक्त दोन्ही ठणठणीत असूनही डोळा पिवळा होतो. उपाशी घोड्याचं यकृत बिलिरुबिन उचलायलाच कमी पडतं. खाणं सुरू झालं की हा पिवळेपणा आपोआप उतरतो. काही निरोगी घोड्यांचे डोळे तर बाराही महिने किंचित पिवळसर असतात. म्हणून आपल्या जनावराचा डोळा तब्येत चांगली असताना कसा दिसतो, हे एकदा नीट पाहून ठेवावं.

आता खरी तुलना. सकाळच्या उजेडात, उघड्यावर पाहा. बल्बच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. रक्त फुटत असेल तर हिरडी आधी फिकी पडते, पांढुरकी, आणि त्या फिकटपणावर पिवळी झाक चढते. यकृताच्या काविळीत हिरडीचा पिवळा दाट असतो, कधी मातकट, पण रक्ताचा रंग खाली शाबूत असतो. गुदद्वारात थर्मामीटर लावा. घोड्याचं तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस असतं. रक्तातल्या परजीवीत ते ४० च्या वर उडी मारतं, उतरतं, पुन्हा चढतं. यकृताच्या बऱ्याच आजारांत ताप नसतो किंवा थोडाच असतो. नाडीही मोजा. आरामात उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. रक्त कमी झालेल्या घोडीची नाडी जागेवर उभी असतानाही ६० च्या वर जाते, चार पावलं चालली तरी ती धापते.

सगळ्यात जास्त फसवणूक लघवीत होते. घोड्याची निरोगी लघवीसुद्धा गढूळ आणि चिकट असते, कारण तिच्यात चुना आणि शेम असतो. जमिनीवर पडून थोडा वेळ गेला की हवेने ती तांबूस-तपकिरी होते. कोठ्यातला लाल डाग पाहून "रक्त मुततेय" म्हणणारे इथेच चुकतात. धार सुरू असतानाच स्वच्छ पांढऱ्या बाटलीत मधली लघवी पकडा आणि लगेच पाहा. ताजी लघवीच लालसर किंवा काळ्या चहासारखी असेल तर रक्त फुटत असल्याची शंका धरा. मात्र पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे कडक झाले असतील आणि घोडी पाऊल टाकत नसेल, तर तो रंग स्नायूंतून आलेला असतो, तो वेगळा आजार. लघवी गडद पिवळी-तपकिरी असेल, बाटली हलवल्यावर फेसही हिरवट-पिवळा दिसत असेल तर बोट यकृताकडे जातं. रक्त फुटून तयार झालेलं बिलिरुबिन मूत्रपिंडातून गळत नाही, यकृताने रूप बदललेलं तेवढं गळतं.

रक्त फुटण्यामागे आपल्याकडे दोन नावं आधी घ्यावी लागतात. गोचिडांमुळे होणारा बाबेसिया-थायलेरिया, आणि गोमाश्या चावून पसरणारा सर्रा. सर्ऱ्यात घोडी खात राहते तरी वाळते, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, मागचा भाग लटपटतो. गोचीड शोधायची तर कानाच्या आत, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली आणि मांडीच्या खाचेत हात घाला. वरवर खरारा मारून ती सापडत नाही.

यकृताकडे वळवणाऱ्या खुणा वेगळ्या आहेत. घोडी सारखी जांभया देते, भिंतीला कपाळ टेकवून उभी राहते, एकाच दिशेने गोल फिरते, तोंडात घास धरून चावायचं विसरते. आतड्यात प्रथिनं कुजून तयार होणारा अमोनिया यकृताने धुतला नाही की तो मेंदूपर्यंत पोचतो, त्याचा हा परिणाम. दुसरी खूण कातडीवर दिसते. नाकपुडीचा गुलाबी भाग, कपाळावरचा पांढरा पट्टा, पांढरे मोजे, एवढाच भाग लाल होऊन सुजतो, चिघळतो, आणि शेजारची काळी-तांबडी कातडी तशीच कोरी राहते. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्यापासून आतड्यात बनणारा एक पदार्थ यकृत बाहेर टाकू शकत नाही. तो कातडीत साचतो आणि ऊन लागलं की पेशी जाळतो. बरेच जण याला खरूज समजून मलम चोळत बसतात.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. घोडी विचित्र वागत असेल, लाळ गळत असेल, तर तोंडात उघडा हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं चावल्याचा रोगही असाच सुरू होऊ शकतो.

खात्री रक्ताच्या तपासणीनेच होते. नमुना दोन नळ्यांत लागतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत परजीवी आणि पीसीव्हीसाठी (रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा किती ते), लाल झाकणाच्या नळीत यकृतासाठी. नळी आपटू नये, जोरात हलवू नये, नाहीतर पेशी नळीतच फुटतात आणि अहवाल उलटा येतो. लाल झाकणाची नळी कागदात गुंडाळून न्यावी, कारण उजेडाने बिलिरुबिन मोडतं आणि कमी भरतं. थर्मासमध्ये बर्फ ठेवा, पण नळी बर्फाला चिकटू देऊ नका. परजीवीसाठी नमुना ताप चढलेला असताना घ्यावा. ताप उतरल्यावर काचपट्टी अनेकदा कोरी निघते, म्हणून एका कोऱ्या पट्टीवर सर्रा नाही असं म्हणता येत नाही. घरपोच पशुवैद्यकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय आणि अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था विदर्भातच आहेत.

अहवालात तीन गोष्टी पाहा. पीसीव्ही खूप खाली आणि जीजीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) जागेवर असेल तर रक्त फुटतंय. जीजीटी आणि पित्ताम्लं (पित्तातली आम्लं) चढलेली असतील तर यकृत. एकूण बिलिरुबिनपैकी यकृतातून रूप बदलून आलेलं, म्हणजे डायरेक्ट बिलिरुबिन, पावहिश्शाहून जास्त असेल तर तेही यकृताकडेच बोट दाखवतं. एएसटी हे दुसरं विकर एकटं चढलं असेल तर त्यावर जाऊ नका, ते स्नायू दुखावल्यावरही चढतं.

अंदाजाने तापाचं इंजेक्शन देऊ नका, असं आम्ही कळकळीने सांगतो. बाबेसियावरचं इमिडोकार्ब आणि सर्ऱ्यावरचं क्विनापायरामिन ही दोन्ही औषधं जपून द्यायची आहेत, जादा मात्रा झाली की यकृत आणि मूत्रपिंड दोन्हींना मार बसतो. आधीच अर्ध्याहून जास्त यकृत गमावलेल्या घोडीला ती "बघू या लागू पडतं का" म्हणून देणं म्हणजे उरलेलंही घालवणं. डागण्याने तर काहीच साधत नाही. यकृत बिघडलेल्या जनावराचं रक्त लवकर गोठत नाही, डागलेली जखम महिनोनमहिने ओली राहते.

लोहाच्या टॉनिकचा गैरसमज दोन्हीकडे आहे. रक्त जखमेतून वाहून गेलं तर लोह शरीराबाहेर जातं. पण पेशी शरीराच्या आतच फुटल्या तर त्यातलं लोह आतच राहतं, नव्या पेशींना तेच वापरलं जातं. म्हणजे सर्रा-बाबेसियात टॉनिकने विशेष काही मिळत नाही, आणि यकृताच्या आजारात तेच लोह यकृतात साचून त्याला आणखी जाळतं.

खुराकात मात्र दोन वाटा पूर्ण वेगळ्या होतात. आधी वजन काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १५५ आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे २९३ किलो. पुढचे आकडे ३०० किलोच्या घोडीचे आहेत.

रक्त फुटणारी घोडी असेल तर परजीवीचं औषध झाल्यावर शरीराला नवं रक्त बांधायचं असतं, त्याला प्रथिनं लागतात. रात्रभर भिजवलेला हरभरा (कोरडा तोलून) ७५० ग्रॅम, दोन वेळांत वाटून. लसूणघास चालतो, हिरवा चारा चालतो. किमान महिनाभर पाठीवर कुणी बसू नये, नाचवणं तर नाहीच. इथे एवढं पुरे.

यकृताच्या घोडीचं जेवण हेच तिचं अर्धं औषध आहे. बिघडलेलं यकृत साखर साठवून ठेवू शकत नाही, म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी जेवणं द्यायची. पहिलं पहाटे ५ ला, शेवटचं रात्री १० ला. मूळ चारा म्हणजे कापून वाळवलेलं मारवेल किंवा पवना गवत, नाहीतर बारीक कुट्टी केलेला स्वच्छ ज्वारीचा कडबा, दिवसाला ४ ते ४.५ किलो. खुराकात ज्वारीचा भरडा १ किलो आणि मक्याचा भरडा अर्धा किलो, पाच वाटण्या करून प्रत्येक वेळी ३०० ग्रॅम, पाण्याने ओला करून. गूळ दिवसभरात १०० ग्रॅम, तोही विभागून. मीठ २५ ग्रॅम. ज्वारी-मक्यात प्रथिनं माफक असतात आणि ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, जे वापरायला शरीराला यकृतावर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. घोडी चार-पाच दिवस उपाशी असेल तर पहिल्या दिवशी भरडा पाव हिश्श्यानेच सुरू करा आणि आठवड्यात पूर्ण मापावर आणा, नाहीतर पोटशूळ आणि खुरांची आग ओढवून घ्याल.

हरभरा, तुरीची चुनी, सोयाबीनची आणि शेंगदाण्याची ढेप, सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार, लसूणघास हे सगळं बंद. तूप आणि तेलही बंद, कारण यकृतावर चरबी चढते. गायी-म्हशींच्या गोळीखाद्याला हात लावू नका. काहींत युरिया असतो आणि त्याचा अमोनियाच होतो. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन असतं, ते तर निरोगी घोड्याचंही हृदय बंद पाडतं. मात्र प्रथिनं अगदीच तोडूही नका. जांभया आणि भिंतीला डोकं टेकवणं नसेल, तर भरड्यात थोडा गव्हाचा कोंडा चालतो. प्रथिनांच्या उपासाने घोडी स्वतःचे स्नायू खाते आणि अमोनिया त्यातूनही सुटतो.

उन्हापासून लपवणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. सकाळी ९ ते संध्याकाळी ६ पक्क्या सावलीत ठेवा, चरायला सोडायचं तर सूर्य बुडाल्यावर. टिनाच्या पत्र्यावर तुराट्या किंवा धानाची तणस टाकली तर मे महिन्यात आतला उकाडा बराच उतरतो. पाणी सतत समोर हवं, उन्हाळ्यात ही घोडी दिवसाला ३० लिटरच्या वर पिते. जांभया-फिरणं सुरू झालं तर डॉक्टर लॅक्ट्युलोज पाजायला देतात, त्याने आतड्यातला अमोनिया कमी शोषला जातो. गिळताना ठसका लागत असेल तर जबरदस्तीने नळीने काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

कारण शोधलं नाही तर पथ्य पाळूनही आजार परत येतो. पावसात भिजलेला मका आणि शेंगदाण्याची ढेप यांत बुरशीचं अफलाटॉक्सिन असतं. ढेप उन्हात वाळवली तर बुरशी वाढायची थांबते, विष मात्र तसंच राहतं, आणि वास आला नाही तरी ते असू शकतं. दुसरं कारण बांधावर उभं असतं: ताग आणि त्याच्या जातीचा रानटी खुळखुळा. ओला असताना घोडे तो सहसा टाळतात, पण गवतासोबत कापून वाळला की चव हरवते आणि घोडी मुकाट्याने खाते. त्याचं विष वाळूनही जात नाही, आणि यकृत कोसळतं ते कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, तोवर त्या पेंढ्या संपलेल्या असतात. म्हणून विकतचं गवत उतरवताना एखादी पेंढी सोडून पसरा आणि वाळक्या फुगीर शेंगा हलवून पाहा. आत बिया खुळखुळत असतील तर तो माल परत करा.

सुधारणा झाली तरी जीजीटी लगेच उतरत नाही, पहिले एक-दोन आठवडे ते वाढलेलंही दिसू शकतं. घोडी खाते, वागणं सरळ आहे, वजन घटायचं थांबलंय, या गोष्टी त्या आकड्याहून जास्त खऱ्या. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त तपासा. दोन तपासण्यांत जीजीटी उतरलेलं दिसलं की भिजवलेला हरभरा दिवसाला १०० ग्रॅमने सुरू करा, दहा दिवस तेवढाच ठेवा आणि रोज संध्याकाळी दाणा देताना ती जांभई देते का ते पाहा. दिली, तर हरभरा त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना कळवा.